नाशिकला लावलेल्या कॉफीच्या कळ्या उमलत नाहीत; पाण्याची वेळ चुकतेय का?

बहुतेक वेळा हेच कारण असतं. कॉफीची कळी आधी कोरड्या ताणात झोपते आणि मग एका भरपूर पाण्याने जागी होते. कर्नाटकातल्या कोडगू-चिकमगळूर या कॉफीच्या पट्ट्यात हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमधल्या वळवाच्या सरी करतात. साधारण २५ ते ४० मिमी पडलं की आठ-दहा दिवसांत बाग पांढरी होते. पाऊस जेमतेम ५-१० मिमीच झाला तर कळ्या अर्धवट फुगून गुलाबी पडतात, फळ धरत नाही.

नाशिकला त्या काळात पावसाचा भरवसा नाही, म्हणून पाणी आपणच द्यायचं. आधी महिना-दीड महिना ताण द्या, म्हणजे पाणी तोडा, पण पानं कायमची मान टाकतील इतका नको. मग तुषार सिंचनाने एकदाच २५ मिमी, म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर. रोज थोडं थोडं ठिबक सोडलं तर ताणच बसत नाही आणि फुलं तुकड्यातुकड्यांनी येतात. पुढे तोडणीही तशीच लांबते.

फुलं उघडतात त्या दिवशी तुषार बंद ठेवा, परागकण भिजतात. रोबस्टा या कॉफीच्या जातीला परपरागीकरण, म्हणजे दुसऱ्या झाडाचे परागकण, लागतं, तिथे हे नुकसान जास्त. दुसरं पाणी पंधरा-वीस दिवसांनी, नाहीतर बारीक फळं गळतात.