पेट्रोलने पुसलेलं हेल्मेट अजून वापरायचं का?

प्रश्न : रंगपंचमीला हेल्मेटवर ऑइलपेंट लागला, निघेना म्हणून पेट्रोल आणि थोडं थिनर घेऊन फडक्याने घासलं. रंग गेला, पण व्हायजरच्या स्क्रूपाशी केसासारख्या बारीक रेषा दिसतायत. रोज बाइकवर हिंजवडीला जातो. अजून एक वर्ष चालेल ना?
– एक वाचक, धायरी

उत्तर : नाही चालणार, एक आठवडा पण नको, आजच नवीन घ्या.

हेल्मेटचं कवच बऱ्याचदा एबीएस नाहीतर पॉलिकार्बोनेटचं असतं. ही प्लॅस्टिकं म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता, त्या एकमेकींत अडकून असतात म्हणून फटका बसला तरी कवच जरा वाकतं आणि धक्का पचवतं. पेट्रोल, थिनर या साखळ्यांमध्ये शिरतं आणि त्यांची पकड सैल करतं. त्यात मोल्डिंगनंतर थंड होताना प्लॅस्टिकच्या आत ताण राहून गेलेला असतो, स्क्रू आवळला तिथे तर अजूनच जास्त, मग सैल झालेल्या साखळ्या त्या ताणाने सरकतात आणि तडे सुरू होतात, म्हणूनच तुमच्या रेषा बरोबर स्क्रूपाशी आल्यात. याला एन्व्हायर्नमेंटल स्ट्रेस क्रॅकिंग म्हणतात. पेट्रोल उडून जातं, तडा तसाच राहतो, आणि उद्या फटका बसला की सगळा जोर त्या तड्याच्या टोकाशीच येतो, मग तेच कवच काचेसारखं तडकू शकतं.

आतला थर्माकोल पण बघा. पेट्रोलने तो विरघळतो, आणि डोक्याचा खरा धक्का तर तोच झेलतो.

आता रसायन लागलं की प्लॅस्टिक बिघडलंच असंही नाहीये. नायलॉनचे नवीन पार्ट खूप कोरडे असतील तर ठिसूळ वागतात, म्हणून ते मुद्दाम गरम पाण्यात ठेवतात. तिथेही पाणी आत शिरून साखळ्या सैलच करतं, पण त्यामुळे नायलॉन चिवट होतं, फक्त कडकपणा थोडा जातो आणि माप किंचित वाढतं. कुठलं प्लॅस्टिक आणि त्याला काय लावलं, हे बघावंच लागतं.

नवीन घेताना आयएसआय मार्क आणि आयएस ४१५१ (दुचाकीच्या हेल्मेटचं भारतीय मानक) बघा. कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ फडकं एवढंच वापरा, अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड व्हायजरला नको, आणि डाग निघाला नाही तर राहू दे ना, काय बिघडतं! जुनं हेल्मेट टाकताना पट्टा कापून टाका, नाहीतर भंगारातून उचलून कोणीतरी डोक्यावर घालेल.