किडनी प्रत्यारोपणानंतरच्या उदासीचा नव्या किडनीवर परिणाम होतो का?

इंदूरमधले आपले काका प्रत्यारोपणानंतर उदास राहतात, अधूनमधून गोळ्या चुकवतात आणि याचा किडनीवर परिणाम होईल का, असे आपण विचारले आहे. होऊ शकतो, आणि म्हणूनच ही गोष्ट पुढच्या तपासणीपर्यंत लांबवू नका.

सुरुवातीच्या आठवड्यांत दात्याच्या किडनीची स्थिती, ऊतींची जुळणी आणि संसर्ग यांना अधिक महत्त्व असते. पुढे मात्र शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेली टॅक्रोलिमससारखी औषधे बहुधा दर १२ तासांनी न चुकता घेतली जातात की नाही यावर बरेच अवलंबून असते, कारण औषधाची रक्तातील पातळी वारंवार खाली गेली की शरीर नव्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला घटक) वाढेपर्यंत हे नुकसान जाणवतही नाही. नैराश्यात नेमकी हीच शिस्त सुटते. शिवाय प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडमुळे झोप उडते, चिडचिड होते, आणि घरचे त्यालाच ‘स्वभाव बिघडला’ म्हणतात, हे मला फार अन्यायाचे वाटते. किडनी घरातल्याच कुणी दिली असेल, तर उपकाराचे दडपणही असते.

टॅक्रोलिमसची पातळी तपासायच्या दिवशी त्याची सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यावी. आधी घेतल्यास आकडा फसवा येतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य न्या, पण प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवून, कारण फ्लुवोक्सामिनसारखे नैराश्यावरचे औषध टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकते. गोळ्या किती चुकल्या हे काकांना न रागावता विचारा आणि डॉक्टरांना खरे तेच सांगा. भरपाई म्हणून दुप्पट गोळी देऊ नका.