एखादं न्यूज पोर्टल कोणाच्या बाजूचं आहे आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवावा, हे कसं ओळखायचं? रेटिंग देणाऱ्या साइटवर विसंबावं का?

तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत आणि सगळा घोळ तिथेच होतो. कल वेगळा, खोटेपणा वेगळा. एखादं पोर्टल उघडउघड एका पक्षाचं असून आकडे चोख देतं, आणि 'आम्ही कुणाचेच नाही' अशी पाटी लावणारं बिनदिक्कत थापा मारतं. मी काही वर्षं एका पोर्टलच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून मथळे लावतात तिथे, होतो, तिथे हे रोजचंच होतं.

एकदा एका सरकारी योजनेवरचा लेखापरीक्षण अहवाल आला. वृत्तसंस्थेकडून आलेल्या बातमीत, म्हणजे कॉपीत, पहिल्याच परिच्छेदात आक्षेप होते: कामं न होताच बिलं निघाली, नोंदवह्या अर्धवट. शेवटी खात्याचा खुलासा. आमच्या डेस्क प्रमुखांनी कॉपी उलटी केली. खुलासा वर, आक्षेप तळाला, दोन जाहिराती आणि 'हेही वाचा'च्या चौकटीखाली, जिथवर मोबाइलवर वाचणारा सहसा पोचतच नाही. मथळा: 'योजनेला वेग, त्रुटी दूर करण्याच्या सूचना'. मी म्हटलं, सर, बातमी आक्षेपांची आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: 'यात एक तरी शब्द खोटा दाखव.' खरंच नव्हता.

त्याच संध्याकाळी माझ्या दाजींनी विरुद्ध गोटातल्या एका पोर्टलची लिंक पाठवली. 'गरिबांच्या योजनेत महाघोटाळा?' खाली त्यांचा शेरा, 'याला म्हणतात पत्रकारिता. तुम्ही लोक विकले गेलात.' अहवालाची पीडीएफ माझ्यासमोर उघडीच होती. तिच्यात घोटाळा हा शब्द औषधालाही नव्हता, आणि त्या बातमीत लाखांचे कोटी झाले होते. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह कशासाठी असतं हे डेस्कवरच्या कोणालाही विचारा. आरोप तर करायचा, पण अंगाशी येऊ द्यायचा नाही.

मी दाजींना अहवालातलं ते पान खूण करून पाठवलं. त्यांनी ते उघडलंही नाही. रात्री त्या पोर्टलने गुपचूप आकडा बदलला, 'महाघोटाळा'ची 'अनियमितता' केली, आणि दुरुस्ती केल्याची एक ओळही टाकली नाही. लिंक मात्र विसरले. मथळा बदलला तरी लिंकमधले शब्द बहुतेक वेळा पहिल्या मथळ्याचेच राहतात, त्यामुळे वर 'अनियमितता' आणि लिंकमध्ये 'महाघोटाळा' असं ते ध्यान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन, 'इथे तर लाखच लिहिलंय, तूच खोटं बोलतोस.' आता काय बोलणार!

म्हणून माझी पहिली कसोटी दुरुस्तीची. चुका सगळ्यांच्याच होतात. चूक कळल्यावर बातमीखाली 'आधीच्या बातमीत अमुक आकडा चुकीचा होता' असं लिहिणारं पोर्टल माझ्या मते भरवशाचं, मग ते कोणत्याही पक्षाकडे झुकलेलं असो. गुपचूप बदल पकडायचे असतील तर लिंक वाचा, आणि वेबॅक मशीनवर, म्हणजे वेब पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, त्या पानाची जुनी प्रत मिळते का बघा. पुष्कळदा मिळते.

रेटिंगच्या साइटबद्दल. या दाजींनीच पुढे मला एक रंगीत तक्ता पाठवला होता, 'बघ, हे मधोमध आहे, म्हणजे खरं.' मधोमध असणं म्हणजे खरं असणं नव्हे. ऑलसाइड्स फक्त कल सांगते, अचूकता मोजतच नाही. न्यूजगार्डचं उलटं, ते नऊ निकषांवर 100 पैकी गुण देतात, त्यात दुरुस्ती करता का, मालक कोण हे उघड सांगता का, असले प्रश्न असतात. डावं-उजवं त्या गुणांत धरत नाहीत. अॅड फॉन्टेसच्या तक्त्यावर आडवा अक्ष कलाचा आणि उभा विश्वासार्हतेचा. मीडिया बायस फॅक्ट चेक दोन्हींवर शेरा देते, पण ते काम मोजक्या माणसांचं, तेव्हा त्यांची मतं त्यात येणारच. शिवाय कल मोजणाऱ्या या साइटची डावी-उजवी पट्टी अमेरिकेच्या राजकारणाची आहे. ती दुसऱ्या देशातल्या पोर्टलला लावली की मापच चुकतं.

आणि स्वतःच्या नाकावर तर अजिबात विसंबू नका. वॅलोन, रॉस आणि लेपर या मानसशास्त्रज्ञांचा 1985 चा अभ्यास आहे. 1982 च्या बैरुतमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांतल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या त्याच बातम्या त्यांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्ही गट म्हणाले, बातम्या आमच्याविरुद्ध पक्षपाती आहेत. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, 'ते त्यांचं झालं.'

बाकी, पोर्टलचं 'आमच्याविषयी' पान वाचून निष्ठा ठरवत बसू नका, ते पान त्यांनीच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वाइनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर यांना अनोळखी साइट तपासायला दिल्या होत्या. फॅक्ट-चेकर लगेच त्या साइटवरून बाहेर पडून नव्या टॅबमध्ये तिच्याबद्दल इतर काय म्हणतात ते शोधायचे, आणि सरस तेच ठरले. बाकीचे, त्यात पदव्या मिळवलेले अभ्यासकही, साइटचा अधिकृत वाटणारा लोगो आणि नाव बघून पुष्कळदा फसले.

कल ओळखायचा असेल तर एकच बातमी दोन विरोधी पोर्टलांवर आणि मूळ कागदावर, म्हणजे अहवाल, निकालपत्र किंवा पूर्ण भाषण, अशी तिन्हीकडे वाचा. काय वर घेतलं, काय खाली ढकललं, कुणाला 'म्हणाले' आणि कुणाला 'दावा केला' लावलं, ते दिसेल. महिन्यातून दोन-तीन बातम्यांना केलं तरी पुरे. रोज एवढा वेळ कुणाकडे असतो?

एक राहिलं. दोन-चार माणसांवर चालणाऱ्या छोट्या पोर्टलावर दुरुस्तीची ओळ दिसली नाही म्हणून लगेच लबाड ठरवू नका. तिथे कधी कधी बातमी लिहिणारा आणि साइट सांभाळणारा एकच असतो. त्यांना ईमेल करून चूक कळवा आणि काय करतात ते बघा. आणि अचूकतेत नापास झालेलं पोर्टल तुमच्याच पक्षाचं निघालं तर त्याची लिंक मेव्हण्याला पाठवू नका.