आधी अंतर ठरव

चि. ...
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज दोनदा वाचला. जुना निकॉन डी५६०० कॅमेरा एक्स्चेंजमध्ये द्यायचा, फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, झेड ५ बरोबर मिळणाऱ्या किट लेन्ससकट घ्यायचा, उरलेल्या रकमेचे हप्ते, आणि बाकीच्या लेन्सचं ‘नंतर बघू’. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाच्या फोटोंचे तुझे मुहूर्त सुरू होतात, म्हणून घाई. शेवटी विचारलंस, ‘काका, घेऊ की थांबू?’ एवढा लांब मेसेज लिहिलास, पण माणसापासून किती अंतरावर उभं राहून फोटो काढायचाय, हे त्यात कुठेच नाही. ते कळल्याशिवाय घे किंवा थांब असं मी काय सांगू?

आधी अंतर ठरव. मग लेन्स. बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, सगळ्यात शेवटी.

मे महिन्यात माझी ५० एमएम लेन्स घेऊन गेली होतीस, त्यातला नवरीच्या आईचा फोटो आठव. खांद्यावरचा पदर सावरतेय, नजर दाराकडे. तो फोटो तू साधारण दोन मीटरवरून काढलास. म्हणून तिचा चेहरा आपण समोर बसून बघतो तसा दिसतो, नाक पुढे येत नाही की कान मागे पळत नाहीत. चेहऱ्याची ठेवण अंतरावर अवलंबून असते. लेन्सचं काम फक्त त्या अंतरावरून किती आत घ्यायचं एवढंच. तुझ्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर ५० एमएम ही ७५ सारखी दिसते. उद्या तीच ५० फुल फ्रेमवर लावलीस आणि त्याच पायरीवर उभी राहिलीस, तर आईबरोबर मागची खुर्ची, पंखा आणि पाणी पिणारा पाहुणा असं सगळं आत येईल. मग तू न कळत पुढे सरकशील. तेवढीच चौकट हवी असेल तर सव्वा-दीड मीटरवर जावं लागेल, आणि तो चेहरा वेगळा असेल. बाईसुद्धा वेगळी असेल, कारण इतक्या जवळ कॅमेरा आला की माणूस सावध होतं. तुला तो मे महिन्यातला फोटो हवाय ना? मग फुल फ्रेमवर त्याची लेन्स ८५. हप्त्यांच्या हिशोबात ८५ कुठे आहे?

हॉलमधल्या अंधाराची तुझी तक्रार खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण तिचा हिशोब एकदा कागदावर मांड. तुझी १८-५५ पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते. एफचा आकडा लहान, तेवढा प्रकाश जास्त. ५० एमएम एफ १.८ तिच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते, म्हणजे तीन स्टॉपच्या वर (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, तुझा २३.५ बाय १५.६, क्षेत्रफळ सव्वादोन पटीच्या थोडं वर, म्हणजे फायदा जेमतेम सव्वा स्टॉपचा. आणि झेड ५ बरोबर येणारी २४-५० ही ५० वर एफ ६.३ होते! अंधाऱ्या हॉलमध्ये तो नवाकोरा सेट तुझ्या जुन्या कॅमेऱ्यावरच्या माझ्या ५० पेक्षा मागे पडेल. त्यासाठी तू दर महिन्याला हप्ता भरणार आहेस.

अजून एक गोष्ट, जी यूट्यूबवर कुणी नीट सांगत नाही. फुल फ्रेमवर ८५ एफ १.८ ला ठेवून दोन मीटरवरून फोटो काढलास, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे सहा सेंटीमीटरचा असतो. एकट्या नवरीला छान. पण अंतरपाट खाली येतो तो क्षण डोळ्यांसमोर आण. भटजींचं ‘शुभमंगल सावधान’ संपलेलं, चहूकडून अक्षता, नवरीच्या मागे मामा, आणि दोघांची नजर सेकंदभर भेटते. तिथे दोन चेहरे वेगवेगळ्या अंतरावर असतात. दोन्ही स्पष्ट हवेत म्हणून तू एफ २.८ किंवा ४ ला जाशील, आणि सेन्सरने दिलेला स्टॉप तिथेच खर्च होईल. मी त्या क्षणी ३५ लावून भटजींच्या बाजूला, दीड मीटरवर असतो. मागे सोफ्यांच्या रांगेतून ७०-२०० च्या लांब झूमने तो फोटो निघतो, स्वच्छ निघतो, पण त्यात अक्षता आपल्या अंगावर पडत नाहीत.

मला लोक हट्टी म्हणतात ते यावरूनच. ३५ आणि ८५, दोनच लेन्स घेऊन लग्नाचं काम करतो म्हणून माझी कामं गेली आहेत. एका मोठ्या लग्नात मला सांगितलं, क्रेन आणि गिंबलवरचे व्हिडिओ कॅमेरे पुढे राहतील, फोटोग्राफर मागे. मी ते काम सोडलं. घरी त्यावरून बोलणी बसली, आणि त्या मोसमात पैशांची ओढाताण झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण परत तसं सांगितलं तर परत सोडीन. कार्य माणसांचं असतं. घरातल्या आजीने ज्याला ‘जेवलास का’ असं विचारलंय, त्यालाच दीड मीटरवर उभं राहू देतात. म्हणून मी हळदीला आदल्या दिवशी जातो, कॅमेरा पिशवीत ठेवून तासभर नुसता बसतो. हे अंतर पैसे भरून मिळत नाही. तूही तसंच कर.

तुझं अंतर कसं सापडेल? गेल्या मोसमातले तुला स्वतःला आवडलेले फोटो काढ, लाइटरूममध्ये फोकल लेंग्थप्रमाणे, म्हणजे एमएमच्या आकड्यांप्रमाणे, गाळ. १८ आणि ५५ वर गर्दी दिसेल, तिला फसू नकोस. झूम टोकाला नेऊन सोडली की तसं होतं. मधले आकडे बघ. मग १८-५५ ची रिंग ३५ वर आणून चिकटपट्टी लाव. ती तुला फुल फ्रेमवरच्या ५० सारखी दिसेल. महिनाभर तशीच वापर, चौकटीसाठी पायांनी पुढेमागे हो. सतत मागे सरकावंसं वाटलं तर तुझी लेन्स ३५ च्या बाजूला आहे, पुढे जाताना संकोच वाटला तर ८५ च्या. आणि रिव्ह्यू बघणं बंद कर! रिव्ह्यू करणाऱ्याला तुझ्या चिपळूणचे मांडव ठाऊक नाहीत.

लेन्स घेताना फुल फ्रेमचीच घे, पण झेड माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बसते ती खाच) नको, एफ माउंटची; ती तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यावरही चालते. डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो, २४ मेगापिक्सेलचे दहाच उरतात. मुंबईच्या बोरा बाजारात जुनी ‘डी’ मालिकेतली स्वस्त ८५ कुणी दाखवली तर भुलू नकोस. तिच्यात मोटर नसते. ती ना डी५६०० वर ऑटोफोकस करणार, ना जुन्या लेन्स झेडवर बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावून झेडवर. ‘जी’ मालिकेतली बघ, एफ १.८ ची. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मार, आत पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी, परत कर. तुझ्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाणार. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेव, चामड्याच्या केसमध्ये नको.

फुल फ्रेम घे, मी नको म्हणत नाही. मीही तोच वापरतो. पण ८५ हातात असताना, आपल्या अंतरावर उभी असताना, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवूनही फोटो हातून निसटतोय असं जेव्हा तुला परत परत दिसेल, तेव्हा घे.

माझी ५० परवा एसटीने येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतोय, मोसम संपेपर्यंत तुझ्याकडेच राहू दे. पहिल्या हळदीचे फोटो एडिट न करता पाठव, आणि प्रत्येकाखाली तू किती लांब होतीस ते लिही. तोवर हप्त्यांच्या कागदावर सही करू नकोस.

तुझा,
काका