इंजिन +५ दाखवत होतं, तरी डाव बरोबरीत कसा सुटला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या कॉम्प्युटरवर दोन बुद्धिबळ इंजिनांचा (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांचा) सामना लावला. एका डावात शेवटी पांढऱ्याकडे एक उंट आणि एक प्यादं उरलं, काळ्याकडे नुसता राजा. पांढऱ्याचं इंजिन जवळपास +५, म्हणजे पाच प्याद्यांएवढी आघाडी, दाखवत होतं, तरी पन्नास चाली नुसतं इकडून तिकडे होऊन डाव बरोबरीत सुटला. इंजिन बिघडलंय का, की सेटिंग चुकलंय?

बिघडलेलं काहीच नाही. तुम्ही लिहिलंय की प्यादं एच पट्टीवर होतं, उंट पांढऱ्या घरांवरचा होता आणि काळा राजा एच८च्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की डाव बरोबरीतच असतो. समोर कोणीही बसू दे, कितीही वेळ देऊ दे, तो जिंकता येत नाही.

कारण पटावर मांडून बघा. प्याद्याचा वजीर व्हायचा तर एच८ घर हवं, आणि एच८ हे काळं घर. पांढऱ्या घरांवरचा उंट त्या घरावर कधीच मारा करू शकत नाही. म्हणजे काळ्या राजाला त्या कोपऱ्यातून हुसकून लावणारं पांढऱ्याकडे कोणी नाही. काळा राजा जी८ आणि एच८ या दोन घरांवर येरझाऱ्या घालत राहतो. पांढऱ्या राजाने जी६वर येऊन उंटाने जी८ अडवलं, तर काळ्या राजाला शह नाही आणि हलायलाही जागा नाही. झालं स्टेलमेट, बरोबरी. प्यादं एच७ला ढकललं तरी तेच. प्यादं जी पट्टीवर असतं किंवा उंट काळ्या घरांवरचा असता, तर हाच डाव सहज जिंकता आला असता. म्हणूनच अशा उंटाला ‘चुकीच्या रंगाचा उंट’ म्हणतात.

आता तुमचा खरा प्रश्न: मग इंजिन +५ का दाखवतं?

तो आकडा म्हणजे तागडी आहे. एक उंट साधारण तीन प्याद्यांच्या किमतीचा, त्यात एक प्यादं, ते पुढे सरकलेलं म्हणून थोडी भर, असं जोडत जोडत आकडा +५च्या आसपास जातो. पारडं जड आहे हे तो अगदी बरोबर सांगतो. पण जड पारड्याने मात होईलच, हे त्यात कुठेही म्हटलेलं नाही. डावाचे निकाल तीनच: जिंकला, हरला, बरोबरी. पटावर बरीच मोहरी असताना आकडा आणि निकाल बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात. सात-आठ मोहरी उरली की त्यांची फारकत व्हायला लागते.

तुम्ही विचाराल, इंजिन इतक्या खोलवर चाली बघतं, त्याला पुढे स्टेलमेट दिसत नाही का? दिसतं, आणि म्हणूनच ते तिथे जात नाही. स्टेलमेटची चाल टाळून ते उंट कुठेतरी बाजूला सरकवतं आणि आकडा पुन्हा +४.८. पुढच्या चालीला ये रे माझ्या मागल्या. आपण कुठेच पोहोचत नाही आहोत, हे त्याला तेव्हाच कळतं जेव्हा पन्नास चालींची हद्द त्याच्या नजरेच्या टप्प्यात येते. एकही मोहरं न मारता आणि एकही प्यादं न हलवता दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या की बरोबरी, हा नियम. म्हणजे त्याला तब्बल शंभर अर्ध्या चाली पुढे बघावं लागेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय, कारण हेच माझ्या पटावर घडलंय. गेली काही वर्षं मी फावल्या वेळात एक छोटं इंजिन लिहितोय आणि ते मोठ्या इंजिनांशी खेळवून बघतो. एका सामन्यात माझं इंजिन पांढऱ्याने खेळत होतं. पांढरा राजा एफ४वर, उंट डी३वर, प्यादी जी५ आणि एच५वर. काळा राजा जी७वर आणि घोडा एफ७वर. ७१व्या चालीला काळ्याने घोड्याने जी५वरचं प्यादं मारलं. सरळसरळ घोडा दिला! माझ्या राजाने तो खाल्ला आणि माझ्या इंजिनाचा आकडा +२ वरून +४.८वर गेला. शेजारच्या रकान्यात प्रतिस्पर्धी इंजिनाचा आकडा होता ०.००, म्हणजे बरोबरी. एकच पट, एकच क्षण, आणि दोन आकडे. मी स्क्रीनसमोर बसून होतो आणि मला आधी वाटलं की मोठ्या इंजिनालाच काहीतरी झालंय.

त्यानंतरचं बघण्यासारखं होतं. ४९ चाली माझं इंजिन उंट आणि राजा फिरवत राहिलं. पन्नासावी चाल जवळ आल्यावर त्याला बरोबरी दिसली, आणि ती टाळायला त्याने प्यादं एक घर पुढे ढकललं. मोजणी पुन्हा शून्यापासून. आकडा पुन्हा +४.८. आणखी पन्नास चाली. आता मात्र प्यादं ढकललं तर स्टेलमेट तरी होणार किंवा प्यादं तरी जाणार, म्हणून तो मार्गही बंद झाला आणि १७२व्या चालीला डाव बरोबरीत सुटला. शंभर चाली ते एका कुलूपबंद दारासमोर उभं होतं.

काळ्या इंजिनाला हे ७१व्या चालीलाच कसं माहीत होतं? त्याच्याकडे टेबलबेस होता. ही या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेबलबेस म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या प्रत्येक शक्य मांडणीचा पक्का निकाल. तो अंदाजाने काढत नाहीत, उलटीकडून काढतात. आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या घ्यायच्या, मग एका चालीत तिथे पोहोचवणाऱ्या, मग दोन चालींत, असं मागे मागे जायचं. जिथे जिंकणं किंवा हरणं पोहोचतच नाही, ती बरोबरी. युनिक्स लिहिणारे केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकात असं काम सुरू केलं. आज सर्रास वापरात आहे तो सिझिजी टेबलबेस, रोनाल्ड डी मान यांनी २०१३ मध्ये तयार केलेला. पाच मोहऱ्यांपर्यंतचा संच जेमतेम एक जीबीचा आहे, सहाचा दीडशे जीबीच्या आसपास, आणि सातचा मात्र घरच्या साध्या डिस्कवर मावणार नाही इतका मोठा. मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव महासंगणकावर २०१२ मध्ये सात मोहऱ्यांचा एक संच तयार झाला, तो तर १४० टेराबाइटचा होता.

वरच्या डावात ती ७१वी चाल होण्याआधी पटावर राजे आणि प्यादी धरून सहा मोहरी होती. घोड्याने प्यादं मारलं की पाच. काळ्या इंजिनाने ती चाल नुसती तपासून पाहिली तेव्हाच त्याला संचातून उत्तर मिळालं: बरोबरी. मग एका प्याद्याची किंमत काय आणि घोड्याची काय, याचा त्याने विचारच केला नाही. बुडणाऱ्याने नेमकी ती एकच फळी पकडावी, तशी ती चाल होती.

आकडा उलट्या बाजूनेही फसवतो, हे ध्यानात ठेवा. एका घोड्याविरुद्ध दोन उंट हा प्रकार शंभराहून अधिक वर्षं बरोबरीचा मानला जात होता. क्लिंग आणि हॉर्विट्झ या बुद्धिबळ अभ्यासकांनी १८५१ मध्ये घोडेवाल्याने कुठे तळ ठोकायचा ती जागाही दाखवून दिली होती. १९८३ मध्ये थॉम्पसन यांनी हा शेवट पूर्ण मोजला आणि निघालं काय, तर दोन उंटवाला सर्वसाधारणपणे जिंकतो. पण काही मांडण्यांत घोडा हाती लागेपर्यंत ६६ चाली जातात, म्हणजे पन्नासच्या पलीकडे. अशा काही शेवटांसाठी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, मध्यंतरी मुदत वाढवली होती, नंतर पुन्हा सरसकट पन्नासवर आणली. त्यामुळे सिझिजीमध्ये तीनऐवजी पाच निकाल नोंदलेले असतात. जिंकता येतं पण पन्नास चालींच्या नियमामुळे हातातून निसटतं, तो एक. आणि हरायला हवं पण त्याच नियमाने वाचतं, तो दुसरा. मानवी डोळ्याला हे दोन्ही दिसणं जवळपास अशक्य.

आता एक वेगळा प्रकार, जो तुमच्या सामन्यांत तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल: किल्ला. पांढऱ्याकडे वजीर, काळ्याकडे हत्ती आणि एकच प्यादं. प्यादं आपल्या मूळ घरावर, त्याच्या आधाराने हत्ती तिसऱ्या ओळीवर, आणि राजा प्याद्याला चिकटून. अशा अनेक मांडण्यांत हत्ती आपल्या घरावरून हलतो आणि परत येतो, पांढऱ्या राजाला ती ओळ ओलांडता येत नाही, आणि एकटा वजीर काही करू शकत नाही. विरुद्ध रंगांचे उंट (एकाचा पांढऱ्या घरांवरचा, दुसऱ्याचा काळ्या) असतील तर दोन प्यादी जास्त असूनही अनेकदा जिंकता येत नाही, तेही याच जातीचं. चार-पाच मोहऱ्यांत टेबलबेस धावून येतो. दहा-बारा मोहऱ्यांचा किल्ला असेल तर अत्यंत बलाढ्य इंजिनंही बराच वेळ +२, +३ दाखवत राहतात. इथे अनुभवी माणूस अजूनही एका नजरेत सांगू शकतो की दार बंद आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

बलाढ्य इंजिनांच्या सामन्यांत बरोबरी हा अपवाद नाही, तोच नेहमीचा निकाल आहे, हेही लक्षात घ्या. २०१७ मध्ये अल्फाझीरो आणि स्टॉकफिश या दोन इंजिनांमधल्या १०० डावांची जगभर चर्चा झाली. अल्फाझीरो २८ जिंकला, एकही हरला नाही, हे सगळ्यांना आठवतं. उरलेले ७२ बरोबरीत सुटले, हे कोणी सांगत नाही. पुढच्या वर्षी जाहीर झालेल्या १००० डावांच्या सामन्यात १५५ विजय, ६ पराभव आणि ८३९ बरोबऱ्या. टीसेक या इंजिनांच्या स्पर्धेत २०१९च्या सुरुवातीला स्टॉकफिशने लीला या इंजिनाला ५०.५–४९.५ असं हरवलं, त्यात शंभरातले ८१ डाव बरोबरीत होते. म्हणून तर तिथे मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या सुरुवाती निवडतात आणि तीच सुरुवात दोन्ही इंजिनांना आलटून पालटून दोन्ही रंगांनी खेळायला लावतात.

तुमच्या सेटिंगबद्दल एक गोष्ट मात्र नक्की तपासा, कारण माझं खरं नुकसान तिथे झालं. सामना चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘डाव सोडण्याचा’ नियम असतो: एखाद्या इंजिनाचा स्वतःचा आकडा सलग काही चाली ठराविक रेषेखाली गेला की त्याचा पराभव नोंदवायचा. मी ती रेषा –४ ठेवली होती, सलग तीन चाली. त्याच सामन्यातल्या दुसऱ्या एका डावात माझं इंजिन काळ्याने हेच कोपऱ्यातलं शेवट खेळत होतं. त्याच्या मते –४.९. तीन चालींनी त्याच्या नावावर पराभव लागला. समोरचं, ‘जिंकलेलं’ इंजिन मात्र तेव्हा ०.०० दाखवत होतं. तीन आठवड्यांनी डाव चाळताना हे माझ्या नजरेस पडलं, आणि मग त्या सामन्याच्या निकालावरून मी इंजिनात केलेले सगळे बदल पुन्हा तपासावे लागले. तेव्हापासून मी दोन्ही इंजिनं सहमत असतील तरच पराभव धरतो आणि पाच मोहऱ्या उरल्या की निकाल टेबलबेसकडून घेतो.

तुम्हीही निदान पाच मोहऱ्यांचा सिझिजी संच उतरवून घ्या आणि इंजिनाच्या पर्यायांत ‘सिझिजी पाथ’ समोर त्या फोल्डरचा पत्ता द्या. एवढ्याने तुमच्या डावातला +५ जागच्या जागी ०.०० होईल. स्वतः इंजिन लिहीत असाल तर हे ज्ञान चार-सहा ओळींत घालता येतं: फक्त उंट आणि कडेच्या पट्टीवरची प्यादी, उंटाचा रंग वजीर होण्याच्या घराशी जुळत नाही, बचाव करणारा राजा कोपऱ्यात पोहोचतो, तर आकडा शून्य. स्टॉकफिशमध्येही अशा खास शेवटांसाठी हाताने लिहिलेला भाग बरीच वर्षं होता. २०२०च्या बाराव्या आवृत्तीपासून मूल्यमापन न्यूरल नेटवर्ककडे जायला लागलं, आणि पुढे तो भाग काढून टाकला.

आणि एक करा. तुमच्या डावाची पीजीएन फाईल (चालींची नोंद असलेली) उघडून शेवटापासून मागे मागे या. काळ्याकडे नुसता राजा उरला, त्याच्या चार-पाच चाली आधी त्याने काहीतरी दिलं असेल, बहुधा घोडा किंवा उंट, पांढऱ्याच्या दुसऱ्या प्याद्याच्या बदल्यात. ती चाल सापडली की इथे खाली लिहा, दोन्ही इंजिनांचे त्या वेळचे आकडेही द्या. मला बघायचंय.