दुखवट्यात खेळ सुरू करावेत का?

प्रश्न : मी रायगड जिल्ह्यात आशा सेविका आहे. दरड कोसळल्यानंतर आमच्या वाडीचं पुनर्वसन रस्त्यालगतच्या वसाहतीत झालं. घरं मिळाली, पण पुरुष दिवसभर ओट्यावर बसून असतात. रात्री पाऊस वाजायला लागला की बायका उठून बसतात. पोरांची कबड्डी पुन्हा सुरू करावी, असं मला वाटतं. जाणती मंडळी म्हणतात, "एवढी माणसं गेली, आता खेळ कसले?" मी काय करू?

उत्तर : ताई, सुरू कराच. पण कबड्डीपासून नको.

कबड्डीत दम कोंडून चढाई करायची आणि पकड झाली की चार-पाच जण अंगावर पडणार. जो पोरगा ढिगाऱ्याखालून निघाला, त्याला ते ओझं थेट त्या रात्रीत नेऊन टाकू शकतं. खो-खोतही पाठीमागून अवचित थाप पडते, दचकणाऱ्याला ती सोसत नाही. लंगडी, लगोरीपासून सुरुवात करा. लेझीम तर फारच चांगली. सगळे एका तालात हलतात आणि हरत कुणीच नाही. सुरुवातीला ढोल-ताशा मात्र बाजूला ठेवा, त्याचा दणका कोसळत्या दरडीसारखा वाटू शकतो. लेझमीचा खणखणाट पुरे.

खेळाआधी सगळ्यांना एक सांगाच. पळालं की छाती धडधडते, दम लागतो, घाम फुटतो. भीतीतही नेमकं हेच होतं, म्हणून काही जण घाबरून मैदान सोडतील. त्यांना हाताला धरून परत आणू नका. कडेला बसू द्या, वाटलं तर येतील. हळूहळू चालून, थांबून, छाती आपली आपण शांत होते हा अनुभव अंगाला मिळाला, की धडधडीची धास्ती उतरायला लागते. झोपही सुधारते. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या वाडीत आज दहा मिनिटं झाली तरी मला आनंद आहे.

माणसं आळशी झालीत, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. डोंगरावर पाणी, सरपण, शेत यांच्या मागे दिवसभर पायपीट होती. वसाहतीत नळ दारात आला आणि शेत लांब राहिलं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात नवी गावं ऐसपैस वसली, तेव्हा जुन्या गल्लीतले शेजारी एकमेकांपासून लांब गेले. घर मिळतं, पण अंगाची आणि शेजाराची सवय मोडते. म्हणून एकेकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून हलायचं.

जाणत्यांना डावलू नका. दिवस त्यांनाच ठरवू द्या. गेलेल्यांची नावं घेऊन पहिला नारळ त्यांच्याच हातून फुटू दे. घरातलं माणूस गेलेल्या बायका झिम्मा-फुगडीला बहुधा येणार नाहीत. स्वयंपाकाच्या वेळा सांभाळून, उजेड असताना त्यांना जोडीने चालायला न्या. डोंगराच्या दिशेने मात्र त्या स्वतः म्हणतील तेव्हाच.

खेळ म्हणजे औषधोपचार नव्हे. कुणी जेवणं टाकलं, सतत दारू घ्यायला लागलं, जगण्यात अर्थ नाही असं बोललं, तर वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो. तो तुमच्या स्वतःसाठीही आहे, ताई, तुम्हीही त्याच वाडीतल्या आहात.