‘दिल्ली बेली’ काहींना भन्नाट आणि काहींना किळसवाणा का वाटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रमंडळी ज्या सिनेमाच्या आठवणीने अजून खिदळतात, तो तुम्ही लावलात आणि अर्ध्यातच बंद केलात. तर खोट सिनेमात आहे की तुमच्या विनोदबुद्धीत? आणि पुन्हा बघायचा झाला तर घरच्यांसोबत चालेल का?

खोट कशातच नाही. मला स्वतःला हा सिनेमा आवडतो आणि तरीही तो न आवडणाऱ्यांची बरीचशी तक्रार मला मान्य आहे. वाद घालणारे दोघे मुळात वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, म्हणून तो वाद मिटत नाही.

आधी जरा मागे जाऊ. सिनेमा आला १ जुलै २०११ ला. निर्माता आमिर खान. त्याआधी त्याच्या नावावर २००७ चा ‘तारे जमीन पर’ आणि २००९ चा ‘थ्री इडियट्स’ होते, म्हणजे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका रांगेत बसून रडावं-हसावं असे सिनेमे. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा, त्यामुळे मराठी घरांत आणखी एक आपुलकी. सिनेमाला ‘ए’ प्रमाणपत्र होतं. मुलांना आणू नका, शिव्यांचा त्रास होत असेल तर येऊ नका, असं आमिरने स्वतः जाहीरपणे सांगितलंही होतं. पण माणूस ऐकतो नाव, सूचना नाही. ‘आमिरचा आहे म्हणजे चांगलाच असणार’ या हिशेबाने गेलेल्यांचा पहिल्या दहा मिनिटांतच घास घशात अडकला. त्या प्रेक्षकांचा राग खरा होता, पण तो बराचसा अपेक्षाभंगाचा होता.

आता मुख्य मुद्दा. ‘अश्लील आहे म्हणून आवडला नाही’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. मराठी प्रेक्षकाला चावट विनोदाचं वावडं कधीच नव्हतं. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांच्या सिनेमांनी रौप्यमहोत्सवांची रांग लावली; सलग नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवांसाठी त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं. ते बघायला काय फक्त टवाळ पोरं जात होती? बायाबापड्याही जात होत्या. पण दादांच्या विनोदाला एक सोय होती. वरचा अर्थ साधा, खालचा चावट, आणि खालचा कळला तर ‘मन तुमचंच घाण’ असं म्हणायला दादा मोकळे. सासू आणि सून शेजारी बसून हसायच्या, आणि दोघीही आपण वरच्याच अर्थाला हसलो असं दाखवू शकायच्या. त्या आडपडद्यामुळे घरातली लाज शाबूत राहायची.

‘दिल्ली बेली’ने तो पडदाच काढून टाकला. पात्रं शिवी देतात ती शिवीच असते, पोट बिघडतं ते आवाजासकट बिघडतं. शेजारी कोण बसलंय याचा विचार करून हसायची सवय असलेल्या माणसाला इथे लपायला जागाच मिळत नाही. गंमत म्हणजे सिनेमात दादांच्या घराण्याला शोभेल अशी एक गोष्ट आहे, ते ‘भाग डी. के. बोस’ गाणं. वरवर बघितलं तर कुण्या बोसबाबूंना पळायला सांगितलंय, भरभर म्हटलं की जे ऐकू येतं ते ऐकू येतं. हे गाणं सिनेमा न पाहिलेल्यांनीही बिनदिक्कत गुणगुणलं. पडदा असला की चालतं, हा माझा मुद्दा त्या एका गाण्याने सिद्ध होतो.

मग आवडणाऱ्यांना काय दिसतं? त्यांना (आणि मला) दिसते पटकथा. ताशी, नितीन आणि अरूप हे एका पडक्या खोलीत राहणारे तिघे. ताशीच्या होणाऱ्या बायकोने, सोनियाने, आत काय आहे ते न बघता एक पुडकं पोचवायची जबाबदारी घेतलेली असते. ती ते ताशीवर सोपवते, ताशी नितीनवर, आणि नितीनने रस्त्यावरचं तंदुरी चिकन हाणलेलं असल्यामुळे तो अरूपवर. सोबत डॉक्टरकडे द्यायचा स्वतःचा शौचाचा नमुनाही, डबीत भरून. पुडक्यात असतात चोरटे हिरे, आणि पुडकं आणि डबी यांची अदलाबदल होते. हिऱ्यांची वाट बघत बसलेला गुंड सोमयाजुलु, म्हणजे विजय राज, डबी उघडतो आणि आतला ऐवज मोठ्या आस्थेने बाहेर काढतो. इथून पुढचा अख्खा सिनेमा त्या एका डबीवर चालतो: पाठलाग, अपहरण, बुरखे घालून सोनाराला लुटणं, सगळं.

म्हणजे इथली घाण वरून भुरभुरवलेली नाही, ती कथेचा कणा आहे. ती काढा, सिनेमा उरत नाही. विनोदी सिनेमात घाणेरडा प्रसंग आला की मी एकच गोष्ट तपासतो: हा प्रसंग कापला तर पुढचा अडतो का? ‘दिल्ली बेली’त बहुतेक ठिकाणी अडतो. पाणी गेल्यामुळे नितीनवर संत्र्याचा रस वापरायची वेळ येते तो प्रसंगसुद्धा या तिघांच्या घराची कळा एका फटक्यात सांगून जातो. वरच्या मजल्यावर नृत्याचा वर्ग चालतो, छत हादरत असतं, आपण ते ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडून देतो, आणि पुढे अरूपच्या गळ्यात फास पडलेला असताना तेच छत त्याला वाचवतं. अशी पेरणी करून ठेवणारे विनोदी सिनेमे आपल्याकडे फार नाहीत. अक्षत वर्माला या पटकथेसाठी फिल्मफेअर मिळालं ते उगाच नाही.

पण यातही सगळंच कथेच्या गरजेचं होतं असं मी म्हणणार नाही. शिव्यांचं प्रमाण निम्म्यावर आणलं असतं तरी एकही प्रसंग ढासळला नसता. काही ठिकाणी ‘बघा, आम्ही कसे बेधडक’ ही ऐट दिसते, आणि ऐट दिसली की हसू विरतं. सोनियाच्या वाट्याला तर लेखकाने फारसं काही ठेवलेलंच नाही. पूर्णा जगन्नाथनने साकारलेली पत्रकार मेनका तिच्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे. हे ज्यांना खटकलं त्यांना ‘तुम्हाला विनोद कळत नाही’ म्हणणं हा शुद्ध उर्मटपणा आहे.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: कोणत्या भाषेत पाहिलात? मूळ सिनेमा बहुतांश इंग्रजीत आहे, अधूनमधून हिंदी. सोबत हिंदीत डब केलेली आवृत्तीही आली होती. माझ्या मते हे दोन वेगळे सिनेमे आहेत. इंग्रजी शिवी आपल्या कानांवरून घसरून जाते, कारण ती शिवी आपण लहानपणी कुणाच्या तोंडून खाल्लेली नसते. तीच हिंदीत आली की आई-बहीण थेट खोलीत येऊन उभ्या राहतात. मित्र इंग्रजी आवृत्तीबद्दल बोलत असतील आणि तुम्ही हिंदी पाहिली असेल, तर मतं जुळतीलच कशी?

आता या जातीतल्या दुसऱ्या टोकाचा एक सिनेमा, कारण वाद घालताना लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात: २०१३ चा इंद्र कुमारचा ‘ग्रँड मस्ती’. तोही ‘ए’, तिथेही तीन मित्र, समीक्षकांनी झोडपलेला आणि प्रेक्षकांनी गर्दी करून पाहिलेला. मला तो सहन झाला नाही, आणि कारण सोवळेपणाचं नाही. तिथे विनोद बहुतेक वेळा बाईच्या शरीरावर होतो, आणि तिघे नायक नुसते टकमक बघत असतात. ‘दिल्ली बेली’त फजिती होते ती या तीन नगांचीच. कुणाला हसायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण हे दोन एकच आहेत असं म्हणू नका. अर्थात ‘ग्रँड मस्ती’ला मनापासून हसलेले माझे मित्र आहेत, आणि ते ‘दिल्ली बेली’ला ‘उगाच शहाणपणा करणारा सिनेमा’ म्हणतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. हसू न येणं याच्यावर युक्तिवाद चालत नाही.

जाता जाता: खुद्द निर्मात्यालाही या वादाने सोडलं नाही. २०१५ मध्ये एआयबी या विनोदवीरांच्या गटाच्या त्या गाजलेल्या रोस्टवर आमिरने नापसंती व्यक्त केली, तेव्हा लोकांनी लगेच त्याला ‘दिल्ली बेली’ची आठवण करून दिली. मला दोन्हींत फरक दिसतो. रोस्टमध्ये समोर बसलेल्या खऱ्या माणसाची सालं काढतात, सिनेमात काल्पनिक पात्रं एकमेकांना शिव्या घालतात. पण ज्याला शिवीच नको आहे त्याला हा फरक कितीही समजावला तरी पटायचा नाही, आणि का पटावा?

राहिला दुसरा प्रश्न. घरच्यांसोबत अजिबात नको. आई-बाबा कितीही मोकळे असले तरी सोफ्यावर तुम्ही तिघे तीन दिशांना बघत बसाल. टीव्हीवर लागेल तेव्हा बघू, असाही विचार करू नका. ‘ए’ सिनेमा आपल्याकडे टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, काटछाट करून नवं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि या सिनेमात कात्री चालवली की वर सांगितलेला कणाच मोडतो. मूळ इंग्रजी आवृत्ती घ्या, त्याच मित्रांना सोबत बसवा, जेवणं आधी उरकून घ्या. जेमतेम पावणेदोन तासांचा सिनेमा आहे, गाणी कथा थांबवत नाहीत. सोमयाजुलु डबी उघडेपर्यंत बसा. तिथेही हसू आलं नाही तर खुशाल बंद करा, पुढेही याच चवीचं आहे.